नानांचा डॅशबोर्ड आणि उन्हात टिकणारं सोल्युशन

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या हाताने मोटार बांधायला घेतली, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटेनाशी झाली. आयुष्यभर तंत्रशाळेत दुसऱ्यांच्या पोरांना कानशिलात लगावून लोखंड घासायला शिकवलेला माणूस. तो धुळ्याजवळ सोनगीरला घरामागच्या शेडमध्ये बसून एक लाल, उघडी, दोनच माणसांची गाडी जोडत होता. खाली एका जुन्या मोटारीची चॅसी आणि इंजिन, वर दक्षिणेतल्या कुठल्याशा कारखान्यातून ट्रकवर आलेली फायबरची बॉडी. सोबत खोकीभर दिवे, काचा, नट-बोल्ट आणि काय कुठे बसवायचं याची चित्रं. लग्नाच्या वरातीत शोभेल असं ते प्रकरण होतं. गावाने तिला लगेच 'नानांचा टब' म्हणायला सुरुवात केली. अंघोळीचा टब गावात कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही, पण नाव बरोबर बसलं.

हे सगळं मला आई फोनवर सांगायची. नाना माझ्याशी बोलत नव्हते. घरात माझा विषय निघाला तर ताटावरून उठायचे, म्हणून आई त्यांचं शेडचं दार वाजल्यावरच फोन लावायची आणि दार पुन्हा वाजलं की मधेच ठेवून द्यायची. आमचं कितीतरी बोलणं असं अर्धवट तुटलेलं आहे.

कारण सांगायचं तर मी कुशनवाल्याशी लग्न केलं. म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या माणसाशी. तो वेगळ्या जातीचा होता हे खरं दुखणं, पण नाना शिकलेले. जातीचं तोंडाने बोलायची त्यांना लाज वाटायची. मग ते धंद्यावर घसरले. लोखंडात काम करतो तो कारागीर, चिंध्या शिवतो तो कसला कारागीर, असं एकदा म्हणाले आणि त्यानंतर गप्पच बसले. शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. त्यांची ती गप्प बसायची पद्धत मी लहानपणापासून ओळखत होते. वर्कशॉपमध्ये एखाद्याचं काम बिघडलं की ते काही बोलत नसत, नुसतं ते काम भंगारात टाकत.

आमचं दुकान जळगावच्या बाहेर, नशिराबादच्या अलीकडे हायवेला आहे. पत्र्याचं छप्पर, समोर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. नवऱ्याने मला शिवायला शिकवलं आणि काही वर्षांत मी त्याच्यापेक्षा चांगलं काम करायला लागले. तो हे स्वतःच सगळ्यांना सांगतो. त्याच्यावर चिडायचं तर कष्ट पडतात, असा माणूस. आज जळगावात कुणाला डॅशबोर्ड मढवून घ्यायचा असला तर लोक आमच्याकडे पाठवतात, आणि मढवणारी बाई आहे हे पाहून दाढी खाजवत उभे राहतात. मी त्यांना उन्हात तसंच उभं राहू देते.

आता आखाजीचं सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात. दिवाळीला मुलगी माहेरी आली नाही तर एकवेळ चालतं, आखाजीला यावीच लागते. झाडांना झोके बांधतात, पोरी गाणी म्हणतात, लेकुरवाळ्या बायासुद्धा त्या दिवसांत कुणाचं ऐकत नाहीत. पण मुलीने आपली आपण पिशवी उचलून यायचं नसतं. माहेरचं कुणीतरी तिला न्यायला येतं, त्याला मूळ येणं म्हणतात. बाप येतो, नाहीतर भाऊ. मला भाऊ नाही. चुलतभाऊ आहेत, पण नानांच्या परवानगीशिवाय ते शिंकतही नाहीत. लग्न झाल्यापासून मला न्यायला कुणी आलेलं नाही. आई दरवर्षी बसच्या ड्रायव्हरकडे सांजोऱ्यांचा डबा देते आणि मी स्टँडवर जाऊन तो घेते. आखाजीच्या आदल्या दिवशी मी दुकानात कामाचा पंजाबी ड्रेस न घालता चांगली साडी नेसून बसते. नवरा काही विचारत नाही. मला नानांची माफी नको होती, कौतुकही नको होतं. त्यांनी एकदा येऊन 'चल' म्हणावं, एवढंच हवं होतं.

तर गाडी जवळजवळ तयार झाली आणि नाना डॅशबोर्डपाशी येऊन अडकले.

डॅशबोर्ड फायबरचाच होता, उघडाबोडका, खरखरीत. त्यावर रेक्झीन मढवायचं होतं. नानांनी इंजिन उतरवून परत चढवलं होतं, वायरिंग केलं होतं, ब्रेक जुळवले होते. रेक्झीन म्हणजे काय, एक कापड चिकटवायचं. चिंध्यांचं काम. ते त्यांनी एका दुपारचं म्हणून धरलं होतं.

"तुना बाप गाडीनं तोंड चिकटाडी राहिना," आई म्हणाली. "कालदिन पांढरा गम लावा, आज बठ्ठा निंघी गया."

बठ्ठा म्हणजे सगळा, आणि पांढरा गम म्हणजे सुताराचा. तो लाकडात पाणी जिरलं की धरतो. इथे एकीकडे फायबर, दुसरीकडे रेक्झीन, पाण्याला जायला वाटच नाही. आत तो दह्यासारखा तसाच बसला असणार. मी आईला काही बोलले नाही. शिलाईच्या मशीनवर बसून मनसोक्त हसले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन ट्यूबांचं मिसळून लावायचं ते औषध आणलं. ते लोखंड लोखंडाला धरतं, तेव्हा रेक्झीनला धरेलच, असा त्यांचा हिशेब. धरलंही. पण ते कापडाखाली गोळ्या-गोळ्यांनी वाळलं आणि डॅशबोर्डला देवी आल्यासारखा दिसू लागला. नानांनी ते छिन्नीने खरवडून काढलं. आईच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"तू सांगी दे ना त्याले, कोनता गम लागस ते," आई म्हणाली.

"त्यांनी विचारलं का?"

"तो कसाले इचारी?"

"मग मी कशाला सांगू?" मी म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

खरं तर या प्रश्नाला माझ्याइतकं पक्कं उत्तर या टापूत क्वचितच कुणी देईल. आमच्याकडे उन्हाळ्यात बंद काचेखाली डॅशबोर्ड इतका तापतो की हात ठेवता येत नाही. कुशनवाले ज्याला सोल्युशन म्हणतात, ते रबराचं पिवळं द्रावण असतं. दोन्ही बाजूंना लावायचं, वाळू द्यायचं, बोट टेकवून बघायचं. बोटाला तार सुटत असेल तर थांबायचं. तार सुटेनाशी झाली की दोन्ही बाजू एकदाच भिडवायच्या, कारण भिडल्या की परत उचलता येत नाहीत. हे पिवळं सोल्युशन सीटला चालतं, दरवाजाला चालतं. डॅशबोर्डला ते हिवाळाभर इतकं छान धरतं की गिऱ्हाईक पेढे आणून देतं. मग एप्रिल येतो. सोल्युशन मऊ पडतं, आणि जिथे जिथे खोलगट वळण असेल तिथून रेक्झीन उठायला लागतं. त्यासाठी वेगळं, ताप सोसणारं सोल्युशन येतं. तेही सगळे डबे सारखे नसतात. आम्ही नवीन डबा आला की फायबरच्या वाकड्या तुकड्यावर रेक्झीन चिकटवून तो तुकडा दुकानाच्या पत्र्यावर दुपारभर ठेवतो. डब्यावर काय छापलंय ते आम्ही वाचत नाही. पत्र्यावर जे टिकतं ते घेतो.

हे सगळं मी त्यांना पाच मिनिटांत सांगू शकले असते. पण त्यांनी विचारायला हवं होतं.

मग एक दिवस धुळ्याहून फोन आला. तिथले एक रेक्झीन-फोमचे व्यापारी आहेत, आम्हीही त्यांच्याकडून माल घेतो. दुकानात बसून सगळ्या खान्देशाची लग्नं आणि भांडणं त्यांना ठाऊक असतात. ते आवाज बारीक करून बोलत होते.

"ताई, नाना येल शेतस दुकानवर. डॅशबोर्डले कोनतं सोल्युशन देऊ म्हणून इचारी राहिनात. काय देऊ?"

मी हातातली कात्री खाली ठेवली. म्हातारा शेवटी शिकला होता. लोखंडाच्या दुकानातून कापडाच्या दुकानात आला होता. आणि मी खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हेच की पिवळं द्या म्हणावं. एप्रिलमध्ये उठेल. आखाजीच्या तोंडावर, सगळ्या गावादेखत. तो विचार मला फार गोड वाटला.

पण हाताला सवय नाही हो. चुकीचा माल सांगायला जीभ वळेना. मी त्यांना ताप सोसणाऱ्या डब्याचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "वाळल्याशिवाय भिडवू नका म्हणावं. बोटाला तार सुटायला नको. आणि माझं नाव सांगू नका."

"छे छे, मी काय सांगस," ते म्हणाले.

ज्या माणसाला सगळ्यांची भांडणं ठाऊक असतात, त्याच्या पोटात काय राहणार? पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं, तेही हसत हसत, जणू मलाही गंमत वाटेल. नानांनी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला, झाकणावरचं सगळं वाचलं. हेच कशावरून, असं मास्तरी सुरात विचारलं. आणि व्यापाऱ्याला वाटलं, बापलेकीचं जुळवून द्यायची हीच वेळ. व्यापारी म्हणाले, "नाना, डोळे झाकीसन घ्या. तुमनी पोरनीच सांगेल शे."

नानांनी डबा काउंटरवर ठेवला. रुमालाने हात पुसले. मग मागच्या फळीकडे बोट करून पिवळ्या सोल्युशनचा डबा मागितला. व्यापारी म्हणाले, नाना, हे उन्हात टिकणार नाही. नाना म्हणाले, द्या.

मला याचं वाईट वाटलं नाही. मला राग आला, आणि रागाच्या तळाशी थोडं समाधानही होतं. म्हणजे मी इतकी वर्षं त्यांच्याबद्दल जे समजत होते ते बरोबरच होतं. माझ्या हातचं बरोबर काम घेण्यापेक्षा स्वतःच्या हातचं चुकीचं काम त्यांना पसंत होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना, म्हातारे आहेत." मी त्याला म्हणाले, म्हातारे काय आजच झालेत का? लग्न झालं तेव्हा केस काळे होते, तेव्हाही असेच होते.

पिवळं सोल्युशन लागलं. थंडीचे दिवस होते, डॅशबोर्ड सुरेख दिसत होता म्हणे. नानांनी गाडी गावातून फिरवली. ज्यांनी टब म्हटलं होतं तेच लोक आळीपाळीने शेजारी बसून सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारून आले. आखाजीला गाडीची पूजा करून सगळ्यांना जेवायला बोलवायचं असं नानांनी जाहीर केलं. आई फोनवर हे सांगताना खूश होती. मी दुकानाबाहेर येऊन आभाळाकडे पाहिलं. फेब्रुवारीचं ऊन होतं, कोवळंच. मी मनात म्हटलं, होऊ दे अजून थोडं.

एप्रिल लागला आणि जळगाव-धुळ्याकडे जसं होतं तसं झालं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. एके दिवशी आईचा फोन आला. डॅशबोर्डचं कापड मधोमध फुगून वर आलं होतं, वेगाचे-पेट्रोलचे काटे जिथे असतात त्या खोबणीतून पार सुटलं होतं. नानांनी दाबून बसवलं, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, वर विटा ठेवल्या. विटा काढल्या की ते हळूहळू परत वर यायचं. आई म्हणाली, ते खाटेवर बसून नुसतं त्याच्याकडे पाहत राहतात.

त्या दिवशी मी संध्याकाळी आंबे घेऊन घरी गेले आणि रस केला.

आमच्याकडे आखाजीच्या आधी कुणी आंबा तोंडाला लावत नाही. आधी पितरांना दाखवायचा, मग आपण खायचा, हे लहान पोरांनाही माहीत असतं. नवऱ्याने ताटातली वाटी पाहिली आणि म्हणाला, "अगं, आखाजीच्या आधी?"

"मला माहेर कुठंय?" मी म्हणाले. "मला कसली आलीये आखाजी? खा."

त्याने खाल्ला नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या. आंबा कच्चाच होता, रस आंबट होता, पण मी तोंड वाकडं केलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे चांगली साडी नेसून दुकानात होते. एका ट्रकची सीट उघडून बसले होते, साडीवर काथ्याचा भुसा उडत होता. दुपारची वेळ. हायवेवरून हॉर्न ऐकू आला, ओळखीच्या कुठल्याच गाडीचा नव्हता तो. मी मान वर केली तर ती लाल गाडी आमच्या दुकानासमोर वळून उभी राहत होती. सोनगीरहून एवढ्या लांब, त्या उन्हात, उघड्या गाडीतून. चालवणाऱ्या माणसाने डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला होता आणि तो वाळून कडक झाला होता.

मी नानांना इतक्या जवळून कितीतरी वर्षांनी पाहत होते. ते लहान झाले होते. मला वाटलं होतं असं काही झालं तर मी धावत जाईन, किंवा आत निघून जाईन. मी जागची हलले नाही. हातात टाचण्या होत्या, त्या तोंडात धरल्या.

नवरा मात्र धावला. माठातल्या पाण्याचा तांब्या भरून घेऊन गेला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. सासऱ्याला पाणी द्यायची त्याची ही पहिलीच वेळ. नानांनी तांब्या घेतला, गाडीचं बॉनेट उघडलं आणि ते पाणी रेडिएटरच्या बाटलीत ओतलं. मग रिकामा तांब्या त्याच्या हातात परत दिला.

तांब्या घेऊन तो आत आला आणि माझ्याकडे न बघता माठाशी उभा राहिला. मी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या आणि बाहेर गेले.

"डॅशबोर्डचं रेक्झीन उठलंय," नाना म्हणाले. घरी आम्ही कधी पुस्तकी मराठी बोललो नाही. ही त्यांची शाळेतली भाषा होती, वर्गातली.

मी गाडीत वाकून पाहिलं, इतर कुणाच्याही गाडीत पाहते तसं. रेक्झीनची कड धरून ओढली. ते साप कात टाकतो तसं हातात आलं. आतलं सोल्युशन तार-तार होत होतं, म्हणजे सुरुवातीला ओलं असतानाच भिडवलं होतं. कोपरे कापताना कैची अडखळली होती. वळणावर सुरकुत्या होत्या, त्या दडपायला त्यांनी चक्क बारीक खिळे मारले होते.

"कुणी केलंय हे काम?" मी विचारलं.

"मी."

"दिसतंय."

त्यांच्या गालाचा स्नायू हलला. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. इतकी वर्षं जे वाक्य माझ्याजवळ तयार नव्हतं ते आपोआप तोंडात येत होतं.

"याच्यावर वर्कशॉपचे मार्क मिळाले नसते," मी म्हणाले.

"होईल का?" ते म्हणाले.

होणार होतं. जुनं खरवडून, पुसून, माझ्या सोल्युशनने संध्याकाळपर्यंत मी ते असं मढवलं असतं की पुढच्या दहा उन्हाळ्यांत त्याला सुरकुती पडली नसती. आत फळीवर डबा होता. पत्र्यावर तपासलेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, दुकानाकडे पाहत होते. पत्र्याकडे, भुशाच्या ढिगाकडे, आत पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे. त्याच्या हातात अजून तो तांब्या होता.

"नाही," मी म्हणाले. "दुसऱ्याने बिघडवलेलं काम आम्ही घेत नाही."

असा आमचा काही नियम नाही. आमचं निम्मं काम दुसऱ्यांनी बिघडवलेलंच असतं.

"बरं," नाना म्हणाले. त्यांनी सुटलेलं रेक्झीन तळहाताने परत जागेवर बसवलं. टॉवेल सोडून पुन्हा बांधला. गाडीत बसले. मला वाटलं ते आता रागावतील, आणि मला ते हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं तो राग नव्हता. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे ते दिसत होते.

"तुनी मायले मी सकायेच सांगेल व्हतं," ते म्हणाले. आता ते घरातलं बोलत होते. "ती येनार नही."

"कुठे येणार नाही?"

"आखाजीले. आखो कोठे? तिनी धाडेल व्हतं माले, मूळ लावाले."

मला कळायला वेळ लागला. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर दुहेरी घडी करून गोधडी घातलेली होती. मघाशी वाकले तेव्हा मला वाटलं होतं, फाटलेलं कुशन झाकलंय.

"मग विचारा ना," मी म्हणाले.

"इचारानं काय? तू तं नही म्हनी."

"ते डॅशबोर्डसाठी होतं, नाना."

"एकच शे," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.

त्यांच्यात आणि माझ्यात एक हाताचं अंतर होतं. गाडीला दारही नाही, नुसता पाय वर टाकून आत बसता येतं. 'येते मी' एवढं म्हणायचं होतं. किंवा न म्हणता बसायचं होतं. साडी तर चांगलीच नेसलेली होती. पण त्यांनी विचारायला हवं होतं, आणि मी ते वाक्य इतकी वर्षं उगाळलं होतं की दुसरं काही तोंडातून येईना. ते माझ्याकडे पाहत थांबले. थोडा वेळ थांबले, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण इंजिन नुसतंच चालू होतं आणि गाडी गिअरमध्ये नव्हती. मग त्यांनी गिअर टाकला आणि ते नशिराबादच्या बाजूला, उलट्या दिशेने निघाले, पुढे जाऊन वळले, आणि परत आमच्या दुकानासमोरून धुळ्याकडे गेले. दुसऱ्यांदा जाताना त्यांनी मान वळवली नाही.

नवरा बाहेर आला. "काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"काम होतं," मी म्हणाले. "नाही घेतलं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याने ऐकलं होतं की नाही ते मी कधी विचारलं नाही. त्याने माठ विसळला आणि नवीन पाणी भरून ठेवलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. पलीकडे नानांचा खोकला ऐकू आला, म्हणजे ते शेडमध्ये नव्हते, घरातच होते. ती त्यांच्यासमोर माझ्याशी बोलत होती. असं आधी कधी झालं नव्हतं. मागे भांड्यांचा आवाज होता, दुसऱ्या दिवसाच्या जेवणाची तयारी चाललेली. तिने पुरण वाटून ठेवलं होतं, कडुलिंबाला झोका बांधून घेतला होता. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, जणू मी अजून वाटेत आहे.

मग म्हणाली, "तू नही म्हनी?"

मी तिला सगळं सांगू शकले असते. त्यांनी विचारलंच नाही हे, पाणी कुठे ओतलं हे, डॅशबोर्डचं. नाना तिकडे दोन हातांच्या अंतरावर बसून ऐकत होते, मला ठाऊक होतं. आई त्यांना विचारेल, ते म्हणतील, म्हटलं ना तिने नाही. आणि ते खोटं नव्हतं. मला वाटलं, आता खुलासा द्यायचा म्हणजे त्यांच्यासमोर हात जोडायचे.

"हो," मी म्हणाले. "नाही म्हटलं."

"काबरं व माय?"

"कामं आहेत."

भांड्यांचा आवाज थांबला. मी वाट पाहत होते की ती रडेल, मग मी तिला समजावेन, मग ती म्हणेल पुढच्या वर्षी. आमचं नेहमी तसंच होतं.

"मी आते तुले इचारनार नही," आई म्हणाली. रडत नव्हती ती. भाजीवालीशी बोलावं तसा आवाज होता. "तू बठ्ठी तुना बापवर जायेल शे."

आणि तिने फोन ठेवला. त्या वर्षी बसच्या ड्रायव्हरकडे डबा आला नाही, तरी मी स्टँडवर जाऊन आले.